जुन्या जर्मन चित्रपटांचे कागद : नव्या संग्राहकाने सुरुवात कशी करावी

फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ (1927) या चित्रपटासाठी हाइन्झ शुल्त्स-नॉयडाम यांनी केलेले मूळ पोस्टर 2005 साली लंडनमध्ये 6,90,000 डॉलरला विकले गेले. तेव्हापासून जुन्या जर्मन चित्रपटांच्या वस्तू जमवण्याचा विषय निघाला, की नवख्याच्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी तेच पोस्टर उभे राहते. ते मनातून काढून टाकलेले बरे. त्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती शिल्लक आहेत, आणि त्या चित्राचे जे काही स्वस्तात मिळते ती अलीकडची छपाई असते. मात्र त्याच वर्षांत बर्लिनमध्ये छापलेले नटनट्यांचे एखादे फोटोकार्ड आजही दोघांच्या मल्टिप्लेक्स तिकिटांच्या पैशांत मिळू शकते आणि ते शंभर टक्के अस्सल असते. या छंदाची सुरुवात अशा लहान कागदापासून करावी, आणि कागद हातात आला की दर्शनी बाजूच्या चित्राआधी त्याची मागची बाजू पाहण्याची सवय लावून घ्यावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

पहिली पायरी : हद्द आखून घेणे

जर्मन चित्रपटांचा अभिजात काळ म्हणताना सामान्यतः 1919 ते 1933 ही वायमार प्रजासत्ताकाची वर्षे अभिप्रेत असतात. डिसेंबर 1917मध्ये स्थापन झालेली उफा ही कंपनी, पॉट्सडॅमजवळच्या बाबेल्सबर्गमधला स्टुडिओ, ‘डॉ. कालिगारी’ (1920), ‘नोस्फेराटू’ (1922), आणि बोलपट आल्यानंतरचे ‘ब्लाउए एंगेल’ (1930) व ‘एम’ (1931) ही या काळाची ठळक नावे आहेत. पण एवढ्या वर्षांत जर्मनीत हजारो चित्रपट निघाले, त्यामुळे ‘सगळेच जमवतो’ म्हणणाऱ्याच्या कपाटात वर्षभरात नुसती रद्दी साठते. एक नट, एक दिग्दर्शक, एक चित्रकार किंवा एकच चित्रपट निवडावा. ‘कालिगारी’तला झोपेत चालणारा सेझारे रंगवणारे आणि 1933मध्ये जर्मनी सोडून गेलेले कॉनराड फाइट हा एखाद्याचा विषय होऊ शकतो, योझेफ फेनेकर यांनी बर्लिनच्या मार्मोरहाउस या चित्रपटगृहासाठी केलेली पोस्टरे, निदान त्यांच्या छापील प्रतिमा, हा दुसऱ्याचा.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक विषय मात्र आवर्जून सुचवावासा वाटतो. म्युनिकच्या एमेल्का कंपनीचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनी हिमांशू रॉय यांच्याबरोबर 1925मध्ये ‘प्रेम संन्यास’, 1928मध्ये ‘शिराज’ आणि 1929मध्ये ‘प्रपंच पाश’ हे मूकपट भारतात चित्रित केले. पुढे 1934मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली, तेव्हा ऑस्टेन आणि छायालेखक योझेफ विर्शिंग तिथे काम करण्यासाठी आले. या मूकपटांचे जर्मनीत छापलेले कागद शोधताना भारतीय नावे उपयोगाची नसतात. ‘प्रेम संन्यास’ तिकडे ‘लॉइश्टे आझिएन्स’ या नावाने, ‘शिराज’ ‘ग्राबमाल आइनर ग्रोसेन लीबे’ या नावाने, आणि ‘प्रपंच पाश’ ‘शिक्झाल्सव्युर्फेल’ या नावाने प्रदर्शित झाला होता, तेव्हा त्याच नावांनी शोध घ्यावा लागतो. ‘इंडिश’ म्हणजे ‘भारतीय’ हा शब्द घालून शोधल्यास 1921च्या ‘इंडिशे ग्राबमाल’चे कागदही पुढे येतात, त्यातला भारत बर्लिनजवळच्या वोल्टर्सडॉर्फ परिसरात लाकूड-प्लास्टरने उभारलेला होता, पण त्या फसव्या राजवाड्यांचेही म्हणून एक आकर्षण आहेच.

दुसरी पायरी : कोणता कागद कशाला म्हणतात हे शिकणे

नवख्यासाठी सर्वांत उत्तम वस्तू म्हणजे चित्रपटगृहात विकली जाणारी कार्यक्रमपत्रिका. ‘फिल्म-कुरिअर’ हे चित्रपटविषयक दैनिक बर्लिनमध्ये 1919मध्ये सुरू झाले आणि त्याच छत्राखाली ‘इलुस्ट्रिर्टर फिल्म-कुरिअर’ ही सचित्र पत्रिकांची मालिका निघू लागली. प्रत्येक चित्रपटासाठी एक स्वतंत्र अंक, त्यात कथानक, भूमिकांची यादी आणि तपकिरी, हिरवट किंवा निळसर शाईत छापलेली छायाचित्रे असा तिचा थाट असे. प्रभातच्या चित्रपटांची थिएटरात मिळणारी चोपडी ज्यांनी आजोबांच्या ट्रंकेत पाहिली आहे, त्यांना या पत्रिकेची ओळख वेगळी करून द्यायला नको. अंकांवर अनुक्रमांक असतो आणि संग्राहक त्याच क्रमांकाने अंक ओळखतात. व्हिएन्नामध्ये याच नावाची वेगळी आवृत्ती निघत असे. ती बनावट नव्हे, पण बर्लिनची म्हणून तिचे पैसे मोजू नयेत. ही मालिका 1944पर्यंत चालली. महायुद्धानंतर 1946पासून 1969पर्यंत म्युनिकहून निघालेली ‘इलुस्ट्रिर्टे फिल्म-ब्यूने’ ही मालिका मात्र नावाच्या साधर्म्यामुळे नवख्याला हमखास चकवते. ती स्वस्त आहे, बहुधा दोन-पाच युरोंत मिळते, आणि तिच्यात त्या काळी जर्मनीत दाखवलेले अमेरिकी व फ्रेंच चित्रपटही आहेत.

दुसरी वस्तू म्हणजे फोटोकार्डे. बर्लिनच्या रॉस फेरलाग या प्रकाशनाने 1919पासून नटनट्यांची अक्षरशः हजारो कार्डे काढली. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे सुमारे 9 बाय 14 सेंटिमीटरचा आकार, खाली नटाचे नाव, प्रकाशनाचे नाव, फोटो काढणाऱ्या स्टुडिओचे नाव आणि एक क्रमांक अशी रचना असते. क्रमांकात तिरकी रेघ असते. रेघेच्या आधीचा आकडा मालिकेचा आणि नंतरचा त्या मालिकेतल्या कार्डाचा. एकदा हे कळले की विस्कळीत गठ्ठ्यातूनही एकाच बैठकीत काढलेले फोटो शोधून जवळ ठेवता येतात, आणि त्यात जी गंमत आहे ती भिंतीवर टांगलेल्या मोठ्या पोस्टरात नाही. फारसे प्रसिद्ध नसलेल्या कलाकारांची कार्डे पाच-दहा युरोंत मिळतात. मार्लेन डीट्रिख, लुईझ ब्रूक्स किंवा ‘मेट्रोपोलिस’ म्हटले की किंमत लगेच चढते.

सिगारेटच्या पाकिटांतून मिळणारी चित्रे आणि ती चिकटवायचे अल्बम ही तिसरी वस्तू. ओस्कार काल्बुस यांनी लिहिलेला ‘फोम वेर्डेन डॉयचर फिल्मकुन्स्ट’ हा दोन भागांचा अल्बम 1935मध्ये हॅम्बर्गजवळच्या आल्टोना-बारेनफेल्डहून निघाला. पहिला भाग मूकपटांवर, दुसरा बोलपटांवर आहे. चित्रे सुंदर आहेत. मजकूर नाझी राजवटीतला आहे आणि तसाच तो वाचावा.

चित्रपटगृहाच्या काचेच्या पेटीत लावायचे फोटो म्हणजे आउसहांगफोटो. त्यांच्या कोपऱ्यांना टाचणीची भोके असणे स्वाभाविक आहे, किंबहुना ती नसतील तर अधिक बारकाईने पाहावे. अशा फोटोवर एफएसके या चित्रपट-परीक्षण संस्थेच्या मंजुरीचा शिक्का असेल तर तो 1949नंतरचा, कारण ही संस्थाच त्या वर्षी कामाला लागली.

पोस्टरांविषयी एवढेच, की ती रस्त्यावरच्या गोल लिटफास खांबांवर खळीने चिकटवली जात आणि त्यांवरच पुढच्या आठवड्याचे पोस्टर चढे, म्हणून वायमार काळातली पोस्टरे दुर्मीळ आणि महाग आहेत. पोस्टरच हवे असेल तर 1950–60च्या दशकांत जुने चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना काढलेली पोस्टरे पाहावीत. नॉये फिल्मकुन्स्ट या वितरकासाठी हान्स हिलमान यांच्यासारख्या चित्रकारांनी केलेले काम स्वतंत्रपणे जमवण्याच्या योग्यतेचे आहे. 1920च्या दशकातले म्हणून दाखवलेले पोस्टर मोजल्यावर बरोबर 59.4 बाय 84.1 सेंटिमीटर भरले, तर तो आजचा ए-1 आकार आहे हे ध्यानात घेऊन शंका काढावी. त्या काळची पोस्टरे बहुधा वेगळ्या, अनेकदा याहून मोठ्या मापाची असत.

तिसरी पायरी : डझनभर जर्मन शब्द

मी घेतलेली पहिली पत्रिका ‘कालिगारी’ची होती. फोटोत ती देखणी दिसत होती, किंमतही परवडणारी होती, आणि ती परवडणारी का होती हे वर्णनाच्या शेवटच्या ओळीत ‘नाखड्रुक’ या एका शब्दात लिहिलेले होते. नाखड्रुक म्हणजे पुनर्मुद्रण. विक्रेत्याने काहीही लपवले नव्हते. मलाच तो शब्द ठाऊक नव्हता, आणि तक्रार करावी तर कोणत्या तोंडाने?

तेव्हा खरेदीआधी शब्द पाठ करावेत. ‘ओरिगिनाल’ म्हणजे मूळ, पण हा शब्द कुणीही कशालाही लावतो, म्हणून त्याच्या पुढेमागे वर्ष दिले आहे का ते पाहावे. ‘एर्स्टआउफफ्यूरुंग’ म्हणजे पहिले प्रदर्शन आणि ‘वीडरआउफफ्यूरुंग’ म्हणजे पुनर्प्रदर्शन. वर्णनात त्यांची ‘ईए’ आणि ‘डब्ल्यूए’ अशी आद्याक्षरे असतात. ‘एख्टफोटो’ म्हणजे खरा फोटो, छापील चित्र नव्हे. कार्ड ‘गेलाउफेन’ असेल तर ते टपालाने गेलेले आहे, ‘उनगेलाउफेन’ असेल तर न गेलेले. ‘गेफाल्टेट’ म्हणजे घडी घातलेले, ‘गेरोल्ट’ म्हणजे गुंडाळलेले. ‘त्सुश्टांट’ म्हणजे अवस्था. विक्रेते ती शाळेच्या गुणांसारखी 1 ते 6 अशा आकड्यांत सांगतात आणि तिथे 1 हा सर्वोत्तम असतो. ‘कॉन्व्होलूट’ म्हणजे एकत्र विकायला काढलेला गठ्ठा, आणि नवख्याला खरे शिक्षण या गठ्ठ्यांतूनच मिळते. ‘गेलोख्ट’ म्हणजे फायलीत लावण्यासाठी भोके पाडलेले. पूर्वीच्या अनेक जर्मन संग्राहकांनी आपल्या पत्रिका नीटनेटक्या फायलींत लावल्या, त्यामुळे आज त्यांची किंमत घसरलेली आहे. नव्या माणसाने अशा पत्रिका आनंदाने घ्याव्यात, दोन भोकांतून मजकूर काही सांडत नाही.

चौथी पायरी : कागदाला प्रश्न विचारणे

दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि अतिनील प्रकाशाची लहान बॅटरी एवढी दोन साधने पुरेशी आहेत. फाइट यांचे एखादे रॉस कार्ड हातात आले आहे असे समजा. ते खिडकीपाशी तिरके धरावे. जुन्या खऱ्या फोटोच्या काळ्या भागांवर, विशेषतः कडांजवळ, पाण्यावर तेल पसरावे तशी निळसर-चंदेरी झाक दिसते. फोटोतली चांदी दशकानुदशके हळूहळू पृष्ठभागावर आल्यामुळे ती येते आणि सहजासहजी नकलता येत नाही. मग भिंग लावावे. खऱ्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा सलग उतरते, गालावरच्या सावलीत कुठेही ठिपके दिसत नाहीत. ठिपके दिसले तर ती छपाई आहे. ‘फिल्म-कुरिअर’च्या पत्रिका मात्र मुळातच छापील असल्याने तिथे वेगळा निकष लावावा लागतो: त्या काळच्या खोदीव सिलिंडरवरच्या छपाईत बारीक, सारख्या मापाची जाळी दिसते आणि शाईच कमी-अधिक गडद असते, तर अलीकडच्या ऑफसेट नकलेत लहानमोठे ठिपके ठळक दिसतात.

आता कार्ड उलटावे. खोलीत अंधार करून मागच्या बाजूवर अतिनील प्रकाश टाकावा. कागद धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यासारखा निळसर चमकला तर तो 1920च्या दशकातला असण्याची शक्यता जवळजवळ संपते, कारण कागदाला पांढरे दाखवणारी ती रसायने महायुद्धानंतरच सर्रास वापरात आली. जुना कागद मंद, पिवळट, काहीसा कंटाळवाणा दिसतो, आणि संग्राहकाला तो कंटाळाच हवा असतो. माझी ‘कालिगारी’ची पत्रिका या प्रकाशात नवरात्रातल्या मंडपासारखी उजळली होती.

मागे किंवा शेवटच्या पानावर पत्ता असेल तर पिनकोड पाहावा. पश्चिम जर्मनीत चार आकडी पिनकोड 1961मध्ये आले आणि एकत्रित जर्मनीत पाच आकडी पिनकोड 1 जुलै 1993पासून लागू झाले. ‘1927ची’ पत्रिका आणि तळाशी पाच आकडी पिनकोड, असे दिसले तर भिंग काढायचेही कष्ट घेऊ नयेत. टपालाने गेलेल्या कार्डावर शिक्क्याची तारीख असते, आणि ती ‘या तारखेआधीचे’ एवढेच सिद्ध करते हेही विसरू नये.

सह्यांच्या वाटेला पहिले वर्षभर जाऊ नये. चाहत्यांना पाठवलेल्या कार्डांवरच्या सह्या पुष्कळदा फोटोबरोबरच छापलेल्या असतात. खऱ्या सहीत शाई फोटोच्या चकचकीत थरावर बसलेली दिसते, पण ती नटाचीच की त्याच्या चिटणिसाची, हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते.

पाचवी पायरी : खरेदी

ईबेची जर्मन शाखा आणि झेडव्हीएबी हे जुन्या पुस्तकांचे संकेतस्थळ यांवर बहुतेक लहान वस्तू सापडतात. बर्लिनला जाणे झाले तर श्ट्रासे देस 17. युनी या रस्त्यावरचा आठवडाअखेरचा बाजार आणि रविवारचा माउअरपार्कचा बाजार पाहावा. तिथे कार्डे खोक्यांतून भरलेली असतात आणि उकिडवे बसून एकेक काढावे लागते. त्याआधी पॉट्सडॅमचे चित्रपट संग्रहालय किंवा फ्रँकफर्टची डीएफएफ ही चित्रपट-संस्था व तिचे संग्रहालय पाहून घेतली, तर अस्सल कागदाचा रंग डोळ्यांत बसतो. डीएफएफ चालवते त्या फिल्मपोर्टल या संकेतस्थळावर चित्रपटाचे मूळ नाव, प्रदर्शनाची तारीख आणि कलाकारांची यादी पडताळता येते.

अनेक लहान विक्रेते जर्मनीबाहेर माल पाठवत नाहीत. म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिनकडे आता आपली पुष्कळ माणसे आहेत. भाचा किंवा मैत्रीण तिकडे असेल तर वस्तू त्यांच्याकडे मागवून सुट्टीत आणवावी, फक्त ती सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी जाणार नाही एवढे बजावून सांगावे. थेट भारतात मागवल्यास दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, माग काढता येईल अशा टपालाने पाठवण्याची विनंती करावी, पाकिटावर खरी किंमत लिहायला सांगावी आणि सीमाशुल्काची रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरावी. लिलावगृहातून घेताना पुकारलेल्या किमतीवर लिलावगृहाचे कमिशन चढते आणि ते बहुधा वीस टक्क्यांहून अधिक असते.

1933 ते 1945 या काळातल्या वस्तूंबाबत एक कायदेशीर बाजू आहे. नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन जर्मन दंडसंहितेच्या कलम 86 अ अन्वये गुन्हा आहे. संशोधन, कला आणि शिक्षण यांना अपवाद आहेत. त्यामुळे विक्रेते फोटोतली चिन्हे झाकतात, ती वस्तू खराब आहे म्हणून नव्हे. माझे मत असे, की अभ्यासासाठी या काळाचे कागद घ्यावेत, पण ते भिंतीवर लावू नयेत.

जुन्या फिल्मची रिळे वा तुकडे मात्र घेऊच नयेत. 1950च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते, खराब झालेली तर उन्हाळ्याच्या तापमानातही पेट घेऊ शकते, आणि ती टपालाने पाठवण्यास मनाई आहे.

सहावी पायरी : पावसाळा

बर्लिनच्या कोरड्या माळ्यावर नव्वद वर्षे सुखाने राहिलेला कागद मुंबई, गोवा किंवा कोकणातल्या दोन पावसाळ्यांत बुरशीने भरू शकतो. प्रत्येक वस्तू पॉलिस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटात ठेवावी. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी, नव्या रेनकोटसारखा वास येणारी पीव्हीसीची पाकिटे फोटोला चिकटतात आणि त्याचा पृष्ठभाग ओढून काढतात. पत्रिकेच्या मागे आम्लरहित पुठ्ठा द्यावा. लोखंडी कपाटातला मधला खण उत्तम; बाहेरच्या भिंतीला टेकलेले लाकडी कपाट सर्वांत वाईट, कारण ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात. आर्द्रता मोजणारे लहान यंत्र आत ठेवावे आणि काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पण ठेवून विसरू नये. ओल शोषून भरलेली पुडी निरुपयोगी असते, ती महिन्या-दीड महिन्याने बदलावी किंवा सुकवावी. डांबराच्या गोळ्या कागदालगत ठेवू नयेत. कसर दिसली तर त्या खणातली प्रत्येक वस्तू बाहेर काढून मऊ ब्रशने झाडावी. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरातल्या एखाद्या कोरड्या दुपारी, सगळा संग्रह सावलीत उघडून वारा द्यावा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांचा विचारही करू नये. फाटलेल्या घडीची डागडुजी घरी न करता कागद जतन करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी.

सातवी पायरी : वही

प्रत्येक वस्तूची नोंद ती घरात आली त्याच दिवशी करावी: काय, कोणत्या चित्रपटाचे, क्रमांक, माप, कुठून, कितीला, अवस्था, आणि मागच्या बाजूवर काय आहे. फोटोवर कुठेही शाईने लिहू नये. लिहायचेच तर पाकिटावर, मऊ पेन्सिलीने. रॉस कार्डांसाठी माझ्या वहीत ‘प्रकाशक’ असा एक वेगळा रकाना आहे, आणि त्याचे कारण कार्डांच्याच इतिहासात आहे. प्रकाशनाचे संस्थापक हाइन्रिख रॉस ज्यू होते. 1937मध्ये त्यांना त्यांच्याच व्यवसायातून बाहेर काढण्यात आले, तरी कार्डांवर त्यांचे नाव छापले जातच राहिले, आणि 1941मध्ये ते पुसून तिथे ‘फिल्म-फोटो-फेरलाग’ असे आले. त्यामुळे एकाच नटीची, एकाच साच्यातली दोन कार्डे शेजारी ठेवली की त्या रकान्यात दोन वेगळी नावे पडतात, आणि दुसऱ्या नावाचे कार्ड कोणत्या वर्षाच्या आधीचे असू शकत नाही, हे न विचारता कळते.